पन्नास मिनिटांची वाट

लियानचं एक बोलणं सुपांगच्या डोक्यात जायचं. समुद्राकाठच्या मिरी शहरातून फोन केला की पोरगा म्हणायचा, "पन्नास मिनिटांचं तर विमान, आई. एकाच बेटावर आहोत. कधीही येतो." आणि यायचा नाही. तिच्या आज्याच्या पिढीतली माणसं जंगल तुडवत समुद्राकाठी जायची, महिन्यांनी का होईना परत यायची. ह्याला नुसतं खुर्चीत बसून यायचं होतं, तेही जमेना.

आता मात्र गळ्याशी आलं होतं. तिचा नवरा रबान अंथरुणाला खिळला होता, पण जीव सोडत नव्हता. नातवंड मांडीवर आलं, गावजेवण झालं, की त्यांच्यात माणसाला आजोबाचं नवं नाव मिळतं. ते न घेता मरायचं नाही, असा त्याचा हट्ट. आणि लियानची तान्ही पोर अजून डोंगरातल्या बारिओला, आपल्या गावी, आलीच नव्हती.

त्या सकाळी फोन आला. "विमान छोटं, म्हणून वजनकाट्यावर उभं केलंय आम्हाला. पोरगी माझ्याच वजनात धरली. निघालोच."

"मग तोंड मीट आणि बस विमानात," सुपांग म्हणाली, आणि मऊ भात पानांत बांधायला बसली.

विमान वेळेवर आलं. धावपट्टीवरच्या म्हशी हाकलल्या, तेव्हा उतरलं. शेजारीण मिदांग आधी खाली आली, काखेत मिरीचा ताजा पाव.

"अक्का, नात म्हणजे बाहुली गं! माझ्या मागंच होती. अख्ख्या वाटेत एकदाही रडली नाही."

"बापावर गेली नाही म्हणायची."

दोघी हसल्या. बाकीची माणसं उतरली. मग दारातून ओल्या पाल्याचा आणि धुराचा वास आला.

शिडीला धरून एक म्हातारा उतरत होता. पाय अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखल. पोटऱ्यांवर जळवांचे जुने व्रण. सदऱ्याच्या चिंध्या झालेल्या. भुवईवर खोकेची खूण होती, लियानला लहानपणी मुसळ लागून पडलेली तीच.

"आई," तो म्हणाला.

मिदांगच्या काखेतला पाव खाली पडला.

"पोरगी कुठाय?" सुपांगनं विचारलं.

"मोठी झाली." बोलायची सवय मोडल्यासारखा तो थांबला. "वाटेत एक गाव लागलं. तिथं तिचं लग्न लावून दिलं."

"कुठलं गाव?"

त्यानं डोंगराकडे बोट केलं. मग हळूच बोट खाली घेतलं.

"मी कुठंच थांबलो नाही गं, आई."

घरी चुलीपाशी रबान जागाच होता. पावलं वाजली तशी त्यानं मांडी सावरली, दोन्ही हात पुढं केले. लियान त्याच्यापुढं वाकला. रबाननं त्याचा चेहरा चाचपला. सुरकुत्या, बसलेले गाल, विरळ पांढरे केस.

रबानचा चेहरा लहान मुलासारखा उजळला.

"बाबा," तो लियानला म्हणाला. "न्यायला आलात?"

तेवढ्यात रबान गेला. जुनंच नाव घेऊन गेला.

पुढं केलेले हात सुपांगनं एकेक करून मिटवले.

बाहेर विमान मिरीला परत निघालं.

"आई, मी..."

तिनं भाताचं एक पान सोडून त्याच्यापुढं सरकवलं. त्याच्या तोंडात एकही दात उरला नव्हता, हे तिला तेव्हा दिसलं.

"जेव," ती म्हणाली. "आणि मला आई म्हणू नकोस. तुझ्या वयाच्या माणसाच्या तोंडी ते शोभत नाही."