तारेपलीकडचा म्हातारा

धुक्याने उत्तर दिलं आणि माझ्या हातून विळा निसटला.

तुर्कस्तानातल्या चायकाराच्या डोंगरात ऑगस्टमध्ये धुकं उतरलं की आपलाच हात आपल्याला परका वाटतो. वरच्या कुरणात मी एकटीच गवत कापत होते. हे काम दरवर्षी माझा भाऊ करायचा, पण त्या वर्षी तो सैन्यात होता आणि आईचे गुडघे चढण चढू देत नव्हते. सोबत म्हणून मी गात होते, आमच्या बोलीत, तिथल्या तिथे जुळवून...

“धुक्यात डोंगर हरवून गेला, विळा थांबत नाही,
गवत म्हणतं ‘गा ना बये’, ऐकत कुणीच नाही.”

आणि दरीपलीकडून, पत्र्यातून यावा तसा एक घोगरा आवाज आला...

“ऐकणारं या टोकाला आहे, तारेला कान लावून,
गवत पुरे झालं की थोडं गाणं दे पाठवून.”

आमच्याच बोलीत. चाल तीच, ठेका तोच.

दरीवरून एक लोखंडी तार गेली होती. या टोकाला आमचं कुरण, त्या टोकाला ट्रक येण्याजोगा रस्ता आणि तार ओढणारं इंजिन. गवताचा भारा आकड्याला अडकवायचा, काठीने तारेवर दोन ठोके द्यायचे, की पलीकडचा माणूस ओढून घ्यायचा. एक ठोका म्हणजे थांब. पलीकडे वर्षानुवर्षं हुर्शितआजोबा बसायचे. सत्तरी कधीच ओलांडलेले. मी त्यांना लग्नकार्यात लांबून पाहिलं होतं, तेवढंच. इंजिनाच्या धडधडीवर ओरडायला त्यांनी दुधाचं नरसाळं ठेवलंय, हे मात्र सगळ्या गावाला ठाऊक.

म्हणजे आजोबाच. दुसरं कोण असणार? आमची बोली अशी अस्खलित बोलणारा पुरुष साठीच्या आतला असूच शकत नव्हता. पुरुष शहरात जात, जर्मनीला जात, आणि बोली गावच्या पुलावरच ठेवून जात. शाळेत तिच्यापायी पट्टी खाल्लेली ना. मागे उरलो बायका, म्हातारे आणि गाई. शिकलेली माणसं म्हणतात, ही बोली हजारो वर्षांपूर्वीच्या ग्रीकची नात लागते. लागत असेल. आमच्या घरात तिचा नियम साधा होता. पाहुण्यांचं आदरातिथ्य तुर्कीत. गाईला हाकणं, चुलीवर चिडणं आणि घरच्यांना झापणं आमच्या बोलीत.

“आजोबा,” मी तोंडाभोवती हात धरून ओरडले, “या वयात गाणं सुचतं तुम्हाला?”

पलीकडे नरसाळं कशावर तरी आपटलं. मग... “वयाचं राहू दे. भारा पाठव, वारा फिरतोय.”

मी दोन ठोके दिले. भारा धुक्यात शिरला आणि माझं हसू त्याच्यामागोमाग गेलं.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या आकड्याला एक पुरचुंडी लटकून आली. सोललेले हेझलनट, मूठभर.

“आजोबा, दात नसताना फोडले कसे?”

“दगडाने.”

“बिचारे.” मला इतकं वाईट वाटलं की तिसऱ्या दिवशी मी मक्याची भाकरी दुधात कुस्करून, डब्यात भरून पाठवली. हिरड्यांनी खाता येईल अशी.

मग नरसाळ्यातून आवाज आला, जरा अडखळत. “तुझ्या चुलीतला निखारा कधी विझू नये.”

हे आशीर्वादाचे शब्द मी माझ्या आजीनंतर कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते. डोळ्यांत टचकन पाणी आलं. चौथ्या दिवशी गुडघ्यांना चोळायला अक्रोडाचं तेल पाठवलं. पाचव्या दिवशी आईने भावासाठी विणलेले लाल पट्ट्यांचे लोकरी मोजे.

“बसले का पायात?”

“जन्मापासून माझेच असल्यासारखे.”

“फार चालू नका हं. घसराल.”

“तू सांगशील तिथेच बसून राहीन.”

म्हातारा चावट होता. मला चावट म्हातारे आवडतात, त्यांना उत्तर द्यायला भीती वाटत नाही. मी त्यांना सगळं सांगू लागले. आमची तांबू गाय तुर्कीत हाक मारली की मान फिरवते, हे. आई झोपेतही चुलीला शिव्या देते, हे. सकाळी उठल्या उठल्या धुकं आहे ना, हे मी आधी बघते... हेही सांगितलं. आता आठवलं की कान तापतात.

नवव्या दिवशी मी गायले नाही.

“आज गाणं नाही?” पलीकडून विचारणा झाली.

“शुक्रवारी बुर्साहून पाहुणे येताहेत. मला मागणी घालायला. कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर आहे मुलगा.”

“...मग? वाईट आहे का?”

“वाईट असता तर सोपं होतं. चांगला आहे. पण आई म्हणते, तिथे आपली बोली बोलू नकोस, हसतील. आजोबा, मी भांडू कुठल्या भाषेत? मूल झालं तर त्याला निजवू कुठल्या भाषेत? आई गेली की माझ्याशी बोलायला कोण उरेल?”

इंजिन बंद झालं. इतकं शांत की पानावरून थेंब पडलेला ऐकू यावा.

“तू काय सांगणार आहेस त्यांना?”

“आई हो म्हणणार आहे. माझ्याकडे नाही म्हणायला कारण नाही.” आणि मग मी हसले, रडू येऊ नये म्हणून. “तुम्ही चाळीस वर्षांनी लहान असता ना आजोबा, तर बुर्सा राहिलं बाजूला... या तारेला लटकून तिकडे आले असते मी.”

मी दोन ठोके दिले. भारा ओढला गेला, पण आवाज नाही. माझं काही चुकलं का? सत्तरीच्या माणसाची थट्टा करू नये, आई म्हणते ते खरं... रात्रभर मला तेच लागून राहिलं.

दहाव्या दिवशी, बुधवारी, आकड्याला माझाच भाकरीचा डबा लटकून आला. आत एक ओळखपत्र होतं. निळं. आमच्याकडे पुरुषांचं निळं असतं, बायकांचं गुलाबी. फोटोत रुंद कपाळ, बाहेर आलेले कान, आणि हसू दाबल्यासारखे ओठ. नाव, सेफर. जन्मसाल, एकोणीसशे एकाहत्तर.

साल शहाण्णव चालू होतं. मी बोटांवर मोजलं. पंचवीस.

मग कुस्करलेली भाकरी आठवली. गुडघ्यांचं तेल आठवलं. आणि काल तारेला लटकून येणार होते, तेही.

काठी उचलून मी तारेवर ठोके घालत सुटले. दोन नाही, एक नाही... वीस-पंचवीस तरी असतील. वाऱ्याने धुकं नेमकं तेव्हाच फाडलं. पलीकडे, इंजिनाशेजारी, एक उंच तरुण उभा होता. हातात नरसाळं. पायांत लाल पट्ट्यांचे मोजे, गुडघ्यापर्यंत ओढलेले.

“लबाडा,” मी ओरडले.

“मी कधी म्हणालो आजोबा आहे म्हणून?” त्याने नरसाळं खाली ठेवलं. आवाज एकदम कोवळा झाला. “आजोबांचं कमरेचं हाड मोडलंय. दवाखान्यात आहेत. मी त्यांचा नातू.”

“मग पहिल्याच दिवशी सांगायचं.”

“तिसऱ्या दिवशी सांगणार होतो. पण तू भाकरी कुस्करून पाठवलीस. सांगितलं असतं तर दगड पाठवले असतेस.”

“आताही पाठवीन.”

“पाठव. दोन ठोके दे, ओढून घेतो.” मग हळू, पण दरी ओलांडून यावं इतकं स्पष्ट बोलला. “आईबाप जर्मनीला, मी आजीच्या मांडीवर वाढलो. नंतर बारा वर्षं इझ्मिर, जहाजाची इंजिनं. बारा वर्षांत या बोलीत माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. तू आजोबा म्हणालीस. म्हटलं, पणजोबा म्हण... पण बोलत राहा.”

मला रागावून राहायचं होतं. खरंच राहायचं होतं.

“काल जे म्हणालीस...” तो म्हणाला.

“ते मी म्हाताऱ्याला म्हणाले.”

“चाळीस वर्षं कमी मागितली होतीस. मी तर पंचेचाळीस दिली.”

हसू फुटलं. लपवायला धुकंही उरलं नव्हतं.

“माझं ओळखपत्र परत दे,” तो म्हणाला. “सोमवारी जहाजावर चढायचंय. त्याच्याशिवाय घेणार नाहीत.”

“तारेवरून नाही मिळणार.” मी ते अंगरख्याआड, काळजापाशी ठेवलं. “दरी उतरून, चढून ये. आईपुढे उभा राहा आणि माग.”

“ओळखपत्र मागू, की...”

“चढता चढता ठरव. आणि तुर्कीत मागू नकोस. तुर्कीत बुर्सावालाही मागतोय.”

गुरुवारी दिवसभर पाऊस होता. दरवाजा वाजला तेव्हा आई उद्याच्या पाहुण्यांसाठी पीठ चाळत होती. दारात सेफर, डोक्यापासून पायापर्यंत निथळत, बुटांवर दरीचा सगळा चिखल. आईने डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि पाहुण्यांसाठी राखलेल्या तुर्कीत म्हणाली, “या, आपलं स्वागत आहे. काय काम काढलंत?”

मी चुलीमागे उभी. तुर्कीत एक शब्द बोलला असता तर आईने चहा दिला असता, साखर विचारली असती, आणि संपलं असतं.

सेफरने मान झुकवली. आमच्या बोलीत म्हणाला, “मावशी, तुमच्या चुलीतला निखारा कधी विझू नये. मी हुर्शितचा नातू. तुमच्या लेकीला मागायला आलोय.”

आईच्या हातातली चाळण थांबली. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग कानांकडे. मग हळूहळू नजर खाली गेली आणि बुटांच्या वर डोकावणाऱ्या लाल पट्ट्यांवर येऊन अडकली. मग माझ्याकडे वळली.

“हे मोजे...” एवढंच म्हणाली. पीठ जमिनीवर भुरभुरत राहिलं. तिच्या आईचा आशीर्वाद एका पंचविशीतल्या मुलाच्या तोंडून तिच्या दारात येऊन उभा होता, आणि तिला कुठल्या भाषेत उत्तर द्यावं ते सुचत नव्हतं.

मग तिने चाळण खाली आदळली.

“अरे गाढवा,” ती कडाडली, आमच्या बोलीत, थेट चुलीला शिव्या घालायची त्या पट्टीत, “ते चिखलाचे बूट घेऊन माझ्या घरात शिरतोस? काढ ते आधी. आणि केस पूस, सर्दी होईल. आणि तू गं, खांबासारखी उभी काय राहिलीस? टॉवेल कोण आणणार, तुझी सासू?”

सेफर उंबऱ्यावर बसून बूट काढत होता. खाली घातलेली मान हलत होती. हसत होता की रडत होता, कोण जाणे. मी टॉवेल पुढे केला तेव्हा त्याची थंड बोटं माझ्या बोटांवर क्षणभर... जरा जास्तच थांबली.

“झापलं मला,” तो कुजबुजला.

“ऐकलं,” मी म्हणाले. “आता तू घरचा.”

त्याच संध्याकाळी आईने गावातल्या दुकानातून बुर्साला फोन केला आणि अतिशय अदबीने, तुर्कीत, नाही म्हणाली.

सोमवारी सेफरने ओळखपत्र मागितलं नाही. मंगळवारी मी दिलं.