काडीपेटी द्या माले

वीज गेलीच आहे, तर कंदील जरा बारीक करा आणि बसा इथे. माझ्या मावसभावाची गोष्ट सांगतो, रुपचंदची. शिरपूरला एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढतात त्या कारखान्यात, तो सुपरवायझर होता.

अठ्ठ्याऐंशी सालची वैशाखी अमावास्या, रविवार. कापसाचा हंगाम संपलेला, यंत्रांची दुरुस्ती निघाली होती, म्हणून तो मेकॅनिकला निरोप द्यायला शिंदखेड्याला गेला. तिथेच जेवला, पाईप पेटवला आणि रात्री स्कूटरवर परत निघाला.

पाईपचा त्याला भारी शौक. बिडीवाल्यांकडे नाक मुरडून बघायचा. पण कसब होतं हो गड्यात. तंबाखू खाली सैल भरायची, वर दाबून, मग चहाचा घोट घ्यावा तसा धूर हळूच ओढायचा. एकदा पेटवला की तासभर दुसरी काडी लागत नसे.

आता जिनिंगमध्ये सगळीकडे कापूस. म्हणून गेटवर अभिमन नावाचा वॉचमन प्रत्येकाची काडीपेटी काढून घेई. हात पुढे करायचा आणि म्हणायचा, "काडीपेटी द्या माले." रुपचंदही देई. पण पाईप बाहेरच पेटवलेला असे, मुठीत झाकलेला. साहेबाच्या तोंडातला पाईप कोण काढणार? अभिमन खाली मान घालून गेट उघडायचा.

त्याआधीच्या हिवाळ्यात त्याच पाईपातून ठिणगी उडाली आणि कापसाचा ढीग पेटला. कापसाच्या गाठी बाहेर ओढायला अभिमन आत धावला, तो बाहेर आलाच नाही. पंचनाम्यात रुपचंदने सांगून टाकलं, वॉचमन बिडी ओढत होता. अभिमनने जन्मात बिडीला हात लावला नव्हता रे. त्याच्या बायकोला, शेवंताबाईला, गाव तोंडावर म्हणायचं, तुझ्या नवऱ्याने आमचं पोट जाळलं. माझा भाऊ असला तरी मला आजही त्याचा संताप येतो.

तर त्या रात्री तापीचा पूल ओलांडला आणि वाऱ्याने पाईप विझला. रुपचंदने स्कूटर थांबवली, खिशातून काडीपेटी काढली. अंधारातून हात पुढे आला.

"काडीपेटी द्या माले."

सवयीने त्याने दिली. दिली... आणि मग कळलं, आपण कुणाला दिली.

वळून पाहिलं. कुणी नाही.

तोंडातला पाईप पेटला.

काढायला गेला, तर दात उघडेनात. स्कूटरला किक मारली. मागची सीट खाली दबली.

"आग कोन लाई, साहेब?"

दातांवर दात धरून रुपचंद म्हणाला, "तुझ्या... तुझ्या बिडीने..."

मागे कुणीतरी श्वास ओढला. पुढे पाईप लाल झाला.

पुन्हा श्वास. पुन्हा लाल.

"कोन लाई?"

रुपचंदने स्कूटरचा वेग वाढवला.

श्वास...

लाल...

पहाटे शेवंताबाईने दार उघडलं, तर तो उंबऱ्याशी पडलेला. "मी... मी..." करत होता. खरं सांगायलाच आला होता, पण जीभ जळून गेली होती. पुढचं काही तिला कळलं नाही. तिने त्याला पाणी पाजलं.

नंतर मी त्याला इथे पिंप्राळ्याला आणला. ऐकून ऐकून मला त्याचं बोलणं उमगायला लागलं, म्हणून तर तुम्हाला सांगतोय.

"मग शेवंताबाईला सांगितलं का, आबा?"

सांगितलं. मुद्दाम शिरपूरला जाऊन. ती म्हणाली, "माले माहीत व्हतं, भाऊ." आणि भाकरी थापत राहिली.

एक मात्र आजवर कुणाला बोललो नाही. धुळ्याच्या दवाखान्यात मी त्याच्या उशाशी होतो. डॉक्टरांनी घशात चिमटा घातला, तर आतून कापूस निघाला. मूठभर. तोंड सगळं करपलेलं, आणि कापूस पांढरा, कोरडा. वैशाखात शिवारात बोंडसुद्धा नसतं. म्हटलं, दवाखान्यातलाच असेल, कुणीतरी कोंबला असेल. बोटांनी जरा चाचपून पाहिला...

आत सरकी होती.