मेंढेवाडीचा तुंबलेला सांडवा

"साडेबारा," प्रतीक्षाने आकडा सांगितला.

वहीवर टेकलेली तुळजाची पेन्सिल तिथेच थांबली. "नीट बघ की. साडेबारा कसं होईल?"

प्रतीक्षा पुन्हा पाण्यावर वाकली. तळ्याच्या काठाशी एक दगडी खांब होता आणि त्यावर फुटांचे पांढरे आकडे रंगवलेले होते. पाणी बारा आणि तेराच्या बरोबर मधोमध आले होते.

२००९ सालच्या दसऱ्याच्या सुट्ट्या चालू होत्या. हुमनाबादजवळच्या दुबलगुंडीपासून तासाभराच्या वाटेवर असलेल्या मेंढेवाडीच्या शाळेत माणिकप्पा सरांनी सातवीच्या मुलांना सुट्टीचा अभ्यास दिला होता तो हाच. रोज सकाळी किती पाऊस पडला आणि तळ्यात किती पाणी आहे, ते लिहून ठेवायचे. पूर्वी तीन महिने झिमझिम पडणारा पाऊस आता चाळीस-चाळीस दिवस गायब होतो आणि मग महिन्याभराचा एका दिवसात कोसळतो, असे सर सांगत. हवामान बदलते आहे. तेव्हा आपल्या तळ्याने आणि शेतांनी कसे वागायचे, ते अंदाजाने ठरवून चालणार नाही. त्यासाठी नोंदी पाहिजेत. एवढे सांगून सर सुट्टीला आपल्या गावी, आळंदला निघून गेले होते.

तुळजा हे काम मनापासून करी. तिचे आईबाप हैदराबादला इमारतींच्या कामावर होते. ती आणि तिचा चार वर्षांचा भाऊ योगीराज खालच्या वस्तीत राजूबाई आत्याकडे राहत. प्रतीक्षा तिची मावसबहीण, सुट्टीपुरती हैदराबादहून आलेली. तिसरा श्रीशैल, वरच्या गावातला, वर्गातला सगळ्यात दांडगा पोरगा. तो आत्ता बांधावर उताणा पडून ढगांकडे बघत होता.

"त्यात काय एवढं? पाऊस झाला, पाणी वाढलं," तो म्हणाला.

"आणि सांडवा?" तुळजाने विचारले.

आता तोही उठून बसला. बांधाच्या पलीकडच्या टोकाला जास्तीचे पाणी निघून जाण्यासाठी दगडांनी बांधून काढलेली एक वाट होती. तोच सांडवा. त्याची पातळी बारा फूट. पाणी बाराच्या वर गेले की ते आपोआप सांडव्यावरून खालच्या ओढ्यात पडायला हवे. पण ओढा तर कोरडा ठाक होता. श्रीशैलच्या शेळ्या त्याच्या पात्रात चरत होत्या.

तिघेही बांधावरून पलीकडे गेले. सांडव्याच्या तोंडाशी बेशरमीची झुडपे माजली होती. श्रीशैलने हातातल्या काठीने फांद्या बाजूला सारल्या, तर त्या सहज निघून आल्या. त्यांना मुळे नव्हतीच. कुणीतरी त्या कापून आणून तिथे खोचल्या होत्या. मागे मातीने भरलेल्या सिमेंटच्या पोत्यांची भिंत रचलेली होती. एकावर एक सहा थर. जवळजवळ तुळजाच्या छातीला लागेल एवढी उंच.

"कामून आलाव हितं?" मागून आवाज आला. बाजूच्या खोपीतून बंडेप्पा राखणदार काठी घेऊन बाहेर आला होता. मालकांनी इथे कुणालाही फिरकू द्यायचे नाही असे सांगितले आहे, म्हणत त्याने तिघांना हाकलून लावले.

मालक म्हणजे बसवंतप्पा. तळ्यातली मासळी त्याने ठेक्याने घेतली होती. मागच्या साली सांडव्यातून पाण्याबरोबर त्याची सगळी पिल्ले वाहून गेली होती. मुलांनी त्याला गाठले तेव्हा तो मुळीच रागावला नाही. मासे माझे, पण वाढलेले पाणी तर तुमचेच ना, असे म्हणून त्याने तिघांच्या ओंजळीत भाजक्या शेंगा घातल्या. ग्रामपंचायतीचे अध्यक्ष गुरुशांतप्पा यांनीही तेच ऐकवले. श्रावण कोरडा गेला, मूग जळाला. अशा साली आलेले पाणी सोडून देणारा वेडाच म्हणायचा. दोन फूट जास्त साठले तर वाईट काय? श्रीशैलचे वडील तर बसवंतप्पाला शाबासकीच देऊन आले होते.

तुळजाला त्यांचे म्हणणे खोडता येईना. श्रावणात तिनेच दीड मैलावरून घागरी वाहिल्या होत्या. पाणी कुणाला नको असते? तरी तिची नजर पुन्हा पुन्हा उताराकडे जाई. बांधाच्या पायथ्यापासून खाली शेतांचा उतार होता, आणि उतार संपतो तिथे ओढ्याच्या काठी खालची वस्ती. बावीस घरे.

नऊ वर्षांपूर्वी हा बांध उभा राहिला तेव्हा राजूबाईने त्यासाठी डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या. आत्याने पोरीचे सगळे बोलणे ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी आपण अध्यक्षांशी बोलू, असे ती म्हणाली. मग चुलीतला जाळ मागे ओढत तिने आणखी एक गोष्ट सांगितली.

"बांध थोडा पाझरतोच. पायथ्याला बघून ये. पाणी नितळ हाय तवर भ्यायचं न्हाई. गढूळ यायलं की समजायचं, आतली माती जायली."

तुळजा लगेच जाऊन बघून आली. बांधाच्या पायथ्याशी बाभळीचे जुने खोड होते, त्याच्याजवळ करंगळीएवढा झरा वाहत होता. त्याचे पाणी काचेसारखे स्वच्छ होते.

त्याच संध्याकाळी पाऊस लागला, आणि दुसरा सगळा दिवस त्याने दम घेतला नाही. राजूबाई भिजत अध्यक्षांच्या घरी जाऊन आली. पाऊस उघडला की बघू, एवढेच उत्तर तिला मिळाले. वीज गेली, मोबाईलचे मनोरे बंद पडले, हुमनाबादची बस आली नाही. तिसऱ्या दिवशी उजाडताच तुळजाने पाऊस मापायची बाटली पाहिली, तर ती काठोकाठ भरून सांडली होती. किती पडला ते मोजायची सोयच उरली नव्हती. योगीराज गोधडीत गाढ झोपला होता. त्याच्या अंगावर पांघरूण सारखे करून ती प्रतीक्षाबरोबर तळ्याकडे निघाली. वाटेत डोक्यावर खताच्या रिकाम्या पोत्याची खोळ घेतलेला श्रीशैल भेटला.

खांबावर पाणी पावणेपंधरा फुटांवर होते. बांधाची उंची सोळा. सांडव्याजवळ पोत्यांची भिंत अजून तशीच उभी होती आणि तिच्या माथ्याखाली चार बोटे अंतर ठेवून पाणी थरथरत होते.

"आधी पायथा," तुळजा म्हणाली.

बाभळीच्या खोडाजवळ त्यांना झरा शोधावाही लागला नाही. करंगळीएवढी धार आता मनगटाएवढी झाली होती आणि तिचा रंग चहासारखा होता. जमिनीतून पाणी उकळी फुटल्यासारखे वर येत होते. तुळजाने ओंजळ धरली. पाणी बोटांतून गळून गेले, पण तळहातावर काळी, मऊ माती उरली. बांधाच्या पोटातली माती. तेवढ्यात खोडाशेजारचा परातीएवढा तुकडा त्यांच्या डोळ्यांदेखत खचला.

तुळजाचे डोके भराभर चालू लागले. पोती एकदम काढली तर तो सगळा लोंढा ओढ्यातून खालच्या वस्तीवर जाणार. नाही काढली तर बांधच जाणार. म्हणजे आधी वस्ती रिकामी व्हायला हवी.

"प्रतीक्षा, पळ. आत्याला सांग, पाणी गढूळ आलंय. बाकी काही सांगायची गरज न्हाई. सगळी माणसं वर मारुतीच्या देवळात येऊ देत. शेवटचं माणूस वर आलं की देवळातली घंटा वाजव. तवर आम्ही पोत्यांना हात लावत न्हाई."

प्रतीक्षा अकरा वर्षांची, शहरात वाढलेली. चिखलात तिच्या चपला रुतल्या. त्या तिथेच टाकून ती अनवाणी पळाली.

श्रीशैल आणि तुळजा सांडव्याकडे धावले. बंडेप्पा खोपीच्या दारातच काठी आडवी धरून उभा होता. श्रीशैल तावातावाने सांगू लागला. पण बांध, पायथा, माती यातले काहीच बंडेप्पा ऐकून घ्यायला तयार नव्हता. मालकाचा हुकूम म्हणजे हुकूम. पोरांनी मुकाट्याने घरी जावे.

तुळजाला एकदम सुचले. तिने श्रीशैलला मागे ओढले आणि शक्य तितक्या शांतपणे म्हणाली, "बंडेप्पाअण्णा, तुमचं मासं खालनं जायलेत."

"काय बोलायलीस?"

"बाभळीच्या खोडापाशी भोक पडलंय. तिथनं. इथं राखण करून काय उपयोग?"

बंडेप्पा काठी टाकून धावला. मुले त्याच्या मागोमाग गेली. तो खोडाजवळ वाकला, मासे दिसतात का बघू लागला, आणि बघता बघता त्याचा चेहरा उतरला. जमिनीतून माती ओकणारे ते पाणी त्याने हातात घेतले, बोटांनी चोळून पाहिले आणि उरलेली मूठभर माती सदऱ्याच्या खिशात घातली. त्याचे स्वतःचे घरही खालच्या वस्तीतच होते.

खोपीतून त्याने जाळ्याचा जाड दोर आणला. एक टोक लिंबाच्या बुंध्याला बांधले, दुसरे आपल्या कमरेला. पोत्यांजवळ आपण एकटाच उतरणार, पोरांनी फक्त दोर धरायचा, असे त्याने बजावले.

मग घंटेची वाट बघणे सुरू झाले.

पाऊस सरळ रेघांनी कोसळत होता. श्रीशैल पळत जाऊन पायथा बघून येई आणि प्रत्येक वेळी आणखी काही तुटून पडल्याचे सांगे. तुळजाचे कान देवळाकडे लागले होते. प्रतीक्षा वाटेत घसरून पडली असेल तर? आत्याला पटलेच नसेल तर? योगीराजला गोधडीतून कुणी उचलले असेल का? बंडेप्पा पोत्यांवर हात ठेवून उभा होता. एकदा त्याने तिच्याकडे पाहिले. तिने मान हलवली. अजून नाही.

घंटा वाजली ती हळू नव्हे. कुणीतरी जीव खाऊन ती बडवत होते.

"काढा," तुळजा म्हणाली. "वरचाच थर आधी. एक-एक."

बंडेप्पाने पहिले पोते उपसून बाजूला टाकले. दुसरे, तिसरे. फटीतून पाण्याचा पिवळट पट्टा पलीकडे घसरला आणि ओढ्यात खळखळत उतरला. वरचा थर निघाला, तेव्हा त्याच्या गुडघ्यांपर्यंत धार होती. दुसऱ्या थराला हात घालताना त्याचा पाय सुटला. दोराला एकदम हिसका बसला, तुळजाच्या तळहातांची सालटी निघाली, पण तिने आणि श्रीशैलने दोर सोडला नाही.

तेवढ्यात छत्री सावरत बसवंतप्पा बांधावरून ओरडत आला. माझे मासे, माझा ठेका, पोलिसांत देईन. बंडेप्पा पाण्यातून वर चढला आणि मालकासमोर जाऊन त्याने खिशातली माती मुठीत काढून दाखवली.

"मालक, ही बांधाची माती हाय. खालनं वाहून जायलीय. आता बोला."

बसवंतप्पाने त्या मातीकडे पाहिले, मग खाली बावीस घरांच्या छपरांकडे. त्याची छत्री वाऱ्याने उलटी झाली होती, तिकडे त्याचे लक्षही नव्हते. त्याने सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि तुळजाच्या हातातला दोर स्वतःकडे घेतला.

पायथ्याशी आता माणसे जमली होती. राजूबाई बायकांना घेऊन आली होती. पाट्यांत वाळू आणि खडी होती. पुरुषमंडळी चिकणमातीचे गोळे कोंबून भोक बुजवायला निघाली होती. राजूबाई त्यांच्या आणि त्या उकळणाऱ्या पाण्याच्या मधे उभी राहिली.

"बुजवलं तर दुसरीकडनं फुटंल. पाण्याला जाऊ द्या, मातीला धरा."

तिने सांगितले तसे आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी, त्यावर मोठे दगड असे थर पडत गेले. भोवताली वाळूच्या पोत्यांचे कडे केले. तुळजाही सोललेल्या हातांनी पाट्या द्यायला रांगेत उभी राहिली. रांगेच्या टोकाला तिला प्रतीक्षा दिसली, अनवाणी, चिखलाने माखलेली, आणि तिच्या कडेवर योगीराज. तिला बघून तो हसला, तेव्हा कुठे तुळजाला रडू आले.

दुपार कलताना पाणी तेरा फुटांवर आले. ओढा दोन्ही काठ भरून वाहत होता. वस्तीतल्या तीन घरांत गुडघाभर पाणी शिरले, पण भिंती उभ्या राहिल्या. दगडांच्या थरातून झिरपणारे पाणी हळूहळू निवळत गेले. राजूबाईने त्यात हात धुतला, तळहात उलटसुलट करून पाहिला आणि मग पहिल्यांदाच ती खाली बसली.

आठ दिवसांनी ऊन पडले. बांधाच्या दुरुस्तीला सगळे गाव लोटले होते. मासे बहुतेक वाहून गेले होते, तरी बसवंतप्पा घमेले घेऊन सांडव्यातला गाळ काढत होता. आपण स्वतःच कसे भोक शोधले, ते बंडेप्पा येईल त्याला सांगत होता. आळंदहून परतलेले माणिकप्पा सर मुलांची वही पुन्हा पुन्हा वाचत होते.

काम थांबवून गुरुशांतप्पांनी सगळ्यांना एकत्र बसवले. या पोरांनी आधी सांगितले होते आणि राजूबाईनेही. तेव्हा आपण ऐकले नाही, हे त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केले.

"आम्ही सगळे पाणी किती आलं ते बघत होतो," ते म्हणाले. "ही पोरं पाणी कुठनं जायलंय ते बघत होती. म्हणून आज आपण सगळे हितं बसलोय."

त्यांनी तिघांच्या पाठीवर हात ठेवला आणि तुळजाला विचारले, "बोल पोरी, तुला काय पाहिजे? पंचायत देईल."

एवढी माणसे आपल्याकडे बघताहेत म्हणून तुळजा गडबडली. तिने आत्याकडे पाहिले. राजूबाई काहीच सुचवत नव्हती. ती नुसती वाट बघत होती.

"तळ्याचं पाणी अडवायचं असो का सोडायचं," तुळजा सावकाश म्हणाली, "आधी खालच्या वस्तीला विचारायचं. विचारल्याबिगर कुणी सांडव्याला हात लावायचा न्हाई."

वरच्या गावातल्या दोघाचौघांनी एकमेकांकडे पाहिले. मग बसवंतप्पाने घमेले खाली ठेवून मान डोलावली.

राजूबाई उठून उभी राहिली आणि पंचायतीच्या कारकुनाकडे वळली.

"नुसतं ऐकू नका," ती म्हणाली. "लिहून घ्या."