मागच्या खोलीतली वायर

त्या दुपारी मी स्टुडिओत एकटी थांबले ती एवढ्याचसाठी, की माझ्या कॉम्प्युटरवर फोटो जरा लवकर यावेत. नवरा आणि नणंद जेवायला घरी गेले होते. आमचे सगळे फोटो बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर असतात. तिथून वायरीनं एका लग्नाचे फोटो माझ्याकडे यायला तास जायचा. नणंद सकाळीच बोलून गेली होती, की पहिल्या वहिनीच्या कॉम्प्युटरवर ते चहा होईस्तोवर यायचे.

पहिली वहिनी, म्हणजे माझ्या नवऱ्याची पहिली बायको. ती वारली त्याला पाच वर्षं झाली, मला या घरात येऊन तीन. तरी फोटो सुधारावेत ते तिनंच. नवरा तसं बोलून दाखवायचा नाही. माझं काम बघून नुसतं "ठीक आहे" म्हणायचा. ते मला शिवीसारखं लागायचं.

खिडक्यांना काळे पडदे, हवेत अल्बमच्या डिंकाचा वास. मी माझी वायर बदलली, वीज वाचवायची सेटिंग बंद केली. वेग तसाच, मुंगीचा. मग मोठ्या कॉम्प्युटरला कोण कोण जोडलंय त्याची यादी उघडली. दोनच नावं होती. एक माझ्या कॉम्प्युटरचं, दुसरं तिच्या. आणि तिचा कॉम्प्युटर एकच फोल्डर सारखा वाचत होता... आमच्या लग्नाचा.

तो कॉम्प्युटर तर मी लग्न झाल्या झाल्या हट्टानं विकायला लावला होता.

सगळ्या वायरी जिथे जोडतात त्या डब्यावर एक दिवा भराभर लुकलुकत होता. तिथून निघालेली वायर चाचपत मी मागच्या खोलीत गेले. तिचं टेबल रिकामं. वायरीचं टोक जमिनीवर सुटं पडलेलं. हातात घेतलं तर कोमट लागलं. आणि टेबलावरून, जिथे काहीच नव्हतं तिथून, बोटं कीबोर्डवर चालावीत तसा बारीक आवाज येत होता.

भीती वाटली, नाही असं नाही. पण त्याहून जास्त जळफळाट झाला.

"तो आता माझा आहे..." मी दबक्या आवाजात म्हटलं. आणि परत येऊन ती वायर डब्यातून उपसून काढली.

आवाज थांबला. वेग एकदम दसपट झाला. ती वाचत होती तोच फोल्डर मी मागवला. आमच्या लग्नाचे फोटो सहा मिनिटांत माझ्याकडे आले. मी उघडले. सगळेच्या सगळे कोणीतरी सुधारले होते, आणि असे, की मला जन्मात जमणार नाही. उजेड, रंग, कपाळावरची एकेक बट. फक्त माझे डोळे... माझे डोळे काळे आहेत. घारे होते ते तिचे. प्रत्येक फोटोत मी घाऱ्या डोळ्यांनी हसत होते.

तेवढ्यात नवरा आला.

"हे बघ ना," मी कसंबसं म्हटलं. "माझे डोळे बघ..."

तो जवळ येऊन वाकला. बराच वेळ बघत राहिला. तीन वर्षांत त्याला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"आता बरोबर झालं," तो हळूच म्हणाला.

त्यानं स्क्रीनकडे पाहिलंच नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता.