भिंगाखालचे दोन पत्ते

दुपारी चार वाजता दातांच्या डॉक्टरसमोर चिप्सचा एकच बुटका ढीग उरला.

पोकरच्या स्पर्धेत चिप्स संपल्या की खुर्ची सोडायची. त्यात पत्ते बघण्याआधीच भरावी लागणारी सक्तीची बोली तो ढीग फेरीफेरीने कुरतडत होती. दोरीपलीकडून तिची मोठी बहीण हातवारे करत होती – लाव की सगळं! डॉक्टर चांगल्या पत्त्यांची वाट बघत होती. निदान ताईला तिने तसं सांगितलं होतं. खरी अडचण उजवीकडच्या खुर्चीत बसली होती.

तो चष्मे बनवायचा. सकाळी चिठ्ठ्या टाकून जागा ठरल्या, तीच त्यांची पहिली भेट. पहिल्याच डावात पत्ते वाटणाऱ्या बाईंनी तिचे पत्ते नजरचुकीने रद्दीत, म्हणजे टाकून दिलेल्या पत्त्यांत, ओढलेच होते... त्याने पटकन खिशातलं गोल भिंग त्यांवर ठेवलं.

"काहीतरी वजन ठेवत जा. रद्दीत गेलेले पत्ते परत मिळत नाहीत."

"आणि तुमचे?"

"माझ्या पत्त्यांवर माझा अंगठा आहे ना!"

दिवसभर लोकांच्या दाढांत डोकावणारी ती त्या भिंगात बघतच राहिली. पत्त्याच्या पाठीवरची साधी लाल नक्षी आत फुलून आली होती. इतकी वर्षं हे समोरच होतं?

आता त्याने बोली वाढवली. तिने पत्त्यांचे कोपरे उचलले. दोन नव्वे. लावण्यासारखे, खात्रीचे नव्हेत. हरली तर उठायचं, तेही त्याच्याच हातून. सोडले तर अजून चार-दोन डाव त्याच्या शेजारी...

"बराच विचार चाललाय," तो म्हणाला.

"पेशंटसारखी घाई करू नका."

"मग भूल तरी द्या."

"कशाला? दुखू दे की थोडं."

तो हसला. अंगठा मात्र हलला नाही. त्या स्थिर अंगठ्याकडे बघता बघता तिला वाटलं, या माणसासमोर जपून जपून संपायचं नाही.

"ऑल-इन."

तिने अख्खा ढीग पुढे सरकवला. ताईचे हात हवेतच राहिले. तो तिच्याकडे असा बघू लागला, जणू भिंग त्याच्याच डोळ्याला लागलं होतं.

"तुम्ही... खरंच?"

"उठावं लागलं तर राहून जाईल. हे तुमचं." एका हाताने पत्ते दाबून धरत तिने दुसऱ्याने भिंग पुढे केलं.

तिच्यावरची नजर न काढता त्याने ते घ्यायला हात उचलला – अंगठ्यासकट.

पत्ते वाटणाऱ्या बाईंना वाटलं, याने डाव सोडला. त्याचे पत्ते सर्रकन रद्दीत गेले.

पंच आले. "पत्ते गेले, डाव गेला. यांनी लावलेलं डॉक्टरबाईंचं."

तो कानापर्यंत लाल झाला. ती अजून खुर्चीतच होती.

"मुद्दाम केलंत?" सुट्टीत खिडकीपाशी तिने दरडावून विचारलं.

"मुद्दाम केलं तर स्पर्धेतून हाकलतात. मी... तुमच्याकडे बघत होतो."

"पत्ते कोणते होते?"

"जेवायला याल तेव्हा सांगेन."

"म्हणजे चांगले होते!"



खेळ पुन्हा सुरू झालाय. ते पत्ते कोणते, हे त्याने अजून सांगितलेलं नाही. जेवणाचं तिनेही काही कबूल केलेलं नाही. नवे पत्ते आले, तेव्हा भिंग तिने त्याच्या पत्त्यांवर ठेवलं – आणि आपल्या पत्त्यांवर आपला अंगठा.