तीनाला दोन

बसा हो, असे तडक निघू नका. चहा टाकलाय. गच्चीवरच्या टाकीपासून मोरीपर्यंत सगळा पाइप तुम्ही चाचपलात आणि म्हणालात, "काही सैल नाही दादा, आवाज कुठून येतो देव जाणे." तुमच्या आधीचे दोघे नळदुरुस्तीवालेही हेच सांगून गेले. तरी तुम्हाला बोलावलं. वाटलं, निघेल एखादी ढिली पट्टी आणि सुटू एकदाचे. आवाज कितीदा येतो असं मघाशी विचारलंत ना? ते शेवटी सांगतो. आधी थोडं ऐकून घ्या.

माझा धंदा मीटरचा. विजेच्या नाही, कारखान्यात पाइपातून तेल, रसायन, पाणी किती वाहतं ते मोजणाऱ्या मीटरचा. हे काम मला दाजींनी शिकवलं, माझ्या थोरल्या ताईच्या नवऱ्याने. वडील गेले तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो, आणि घरात कर्ता माणूस कोणी नव्हता. दाजींनी माझ्या हातात पाना दिला आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, "मीटर बसवणं सोपं रे, शून्य पकडणं अवघड."

म्हणजे असं, की पाइप काठोकाठ भरायचा, मीटरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दोन्ही व्हॉल्व्ह बंद करायचे. आत थेंब हलता कामा नये. त्या घडीला मीटर जे वाचेल, त्यालाच त्याने शून्य म्हणायचं. हे चुकलं की पुढचं सगळं मोजमाप चुकलं. मी त्या शून्यापायी तास तास अडून बसायचो. दाजी चारचौघांत चिडवायचे, "आले बघा आमचे शून्यशास्त्री!" मला राग यायचा नाही. उलट बरंच वाटायचं.

गेल्या वर्षी एका सकाळी त्यांचा फोन आला. "त्या रंगाच्या कारखान्यातला थिनरचा मीटर बदलायचाय. टाकी बंद, व्हॉल्व्ह बंद, तरी म्हणे आकडे दाखवतो. नवा बसव, शून्य घे, सही कर नि ये. साधं काम आहे."

"तो कारखाना तर तुम्हीच बघता ना?"

"माझी कंबर धरलीय रे."

मी अवजारांची पेटी उचलली आणि निघालो. त्यांच्या शब्दावर मी कधी दुसरा शब्द काढला नव्हता.

त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. बंद कारखाना भर दुपारीही कसा होतो, तुम्हाला सांगू? पंखे थांबलेले, मोटरी गार पडलेल्या. पत्र्यातून उन्हाच्या पट्ट्या खाली आलेल्या आणि त्यात धूळसुद्धा हलत नाही. आपल्याच बुटांचा आवाज आपल्या मागून येतो. कंट्रोल पॅनलवर एक बाई पाळीला होत्या, पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी मला टाकीपाशी नेलं. दोन पुरुष उंचीची लोखंडी टाकी, वरच्या झाकणाला कुलूप. तिच्या पायथ्याशी सात पायऱ्यांचा खड्डा, आणि त्या खड्ड्यात मीटर. मी खाली उतरलो तर अति पिकलेल्या केळ्यांसारखा वास आला. थिनरचा वास तसाच असतो, गोड. त्या गोडव्यात माणूस फार वेळ थांबला तर त्याला झोप यायला लागते.

मी बोल्ट सोडवत होतो. बाई वर काठाशी बसून होत्या. जाईनात.

"तुम्हाला काम नाही का आज?" मी विचारलं.

"आहे. पण इथं कुणी उतरलं की मी हलत नाही." मग त्याच बोलल्या, "इथं आमचे मामा गेले. टाकी धुणारे. सगळे त्यांना मामाच म्हणायचे."

टाकीत माणूस उतरला की त्यांची एक रीत होती. आतला दर दोन मिनिटांनी पत्र्यावर तीनदा ठोकणार, म्हणजे मी ठीक आहे, तुम्ही आहात ना? बाहेरच्याने दोनदा ठोकायचं, म्हणजे मी आहे, निर्धास्त राहा. उत्तर आलं नाही तर आतल्याने सगळं टाकून बाहेर यायचं.

"त्या दिवशी मी बारा वाजता पाळीवर आले," बाई म्हणाल्या. "मीटरवाले सकाळीच काम करून गेले होते. मी मीटर बघितला. शून्य. म्हणजे टाकीत थेंब जात नाही. मामांना म्हटलं, उतरा. तीन आले, दोन दिले. तीन आले, दोन दिले. मग पॅनलवरचा फोन वाजला, म्हणून दोन मिनिटं आत गेले. परत येऊन ठोकलं, तर काहीच नाही..."

टाकीच्या तळाशी बोटभर थिनर साचलं होतं, आणि मामा शिडीपासून हातभर लांब पडले होते. चौकशीत लिहिलं, मीटर शून्य होता, व्हॉल्व्ह बंद होता, म्हणजे टाकी मामांनीच नीट रिकामी केली नव्हती. त्यांचाच निष्काळजीपणा. "अठरा वर्षं टाक्या धुतल्या हो त्यांनी," बाई म्हणाल्या. "त्यांच्या घरचे अजून मान वर करून चालत नाहीत."

मी हळहळलो, आणि काम करत राहिलो. जुना मीटर काढून पायरीवर ठेवला. नव्याच्या अंगावरचा बाण टाकीच्या दिशेला केला, बोल्ट आवळले, वायरी जोडल्या. थिनर शेजारच्या टाकीकडे फिरवून पाइप भरला, हवा काढली. मग दोन्ही व्हॉल्व्ह घट्ट बंद केले आणि पडद्याकडे बघत उकिडवा बसलो.

शून्य आलं. शून्य, शून्य... मग आकडा उडाला. पुन्हा उडाला. पुन्हा. मग शून्य.

मी व्हॉल्व्ह पुन्हा आवळले. घड्याळ लावलं. बरोबर दोन मिनिटांनी तीन झटके. कोरा करकरीत मीटर होता तो, त्याला काय धाड भरली? मी पाइपावर तळहात ठेवला. पुढच्या खेपेला ते आकड्यांत दिसायच्या आधी हाताला कळलं. कोणीतरी लांबून, दमलेल्या हाताने, ठोकत होतं.

"टाकी रिकामी आहे ना?" मी वर बघून विचारलं.

"दोन वर्षं कुलूप आहे," बाई म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "तीन का?"

मी मान हलवली. त्यांनी माझ्या पेटीतला पाना घेतला आणि टाकीवर दोनदा ठोकला. पडद्यावर शून्य आलं आणि पाच मिनिटं तसंच राहिलं. मग पुन्हा तीन.

मी काय करणार? लहानपणापासून जे करत आलो तेच केलं, दाजींना फोन लावला.

"दाजी, शून्य धरत नाही. झटके येतायत."

"मग कट-ऑफ वाढव की."

कट-ऑफ ही मीटरमधली एक सोय असते. अमुक इतक्यापेक्षा कमी वाहत असेल तर सरळ शून्य दाखव, असं त्याला सांगून ठेवता येतं. बारीक थरथर लपते. पण बारीक गळतीही लपते, म्हणून तिला उगाच हात लावायचा नाही, हेही दाजींनीच शिकवलेलं.

"वाढव बिनधास्त," ते म्हणाले. "मागच्या वेळी पण तसंच केलं, लगेच..."

आणि ते थांबले.

"मागच्या वेळी म्हणजे?"

फोन बंद झाला. मी पायरीवरचा जुना मीटर उचलला, त्याला वायर लावली आणि आतली नोंद उघडली. मीटरमध्ये कोणी काही बदललं की तारीख, वेळ आणि बदलणाऱ्याचा कोड राहतो. दोनच ओळी होत्या. दोन वर्षांपूर्वीची एक सकाळ, अकरा वीस, कट-ऑफ वाढवला. दुसऱ्या दिवशी पहाटे, कट-ऑफ पुन्हा खाली आणला. दोन्हीपुढे एकच कोड होता. माझा.

आणि पहिली तारीख माझ्या मुलीच्या जन्माची होती.

तो दिवस मला मिनिटामिनिटाने पाठ आहे. बायकोला रात्रीच दवाखान्यात नेलं होतं आणि सकाळी मला त्या कारखान्यात पहिल्यांदा जायचं होतं. दाजी म्हणाले, "वेडा आहेस का? तू तिच्यापाशी थांब, तुझं काम मी उरकतो. कोड तेवढा सांग." एक वाजता ते हसत हसत दवाखान्यात आले, हातात लोकरीचं पिवळं टोपडं. ते मी वर्षभर ज्याला त्याला सांगत होतो, की दाजी असावेत तर असे. सांगताना माझे डोळे भरून यायचे हो.

मी पुन्हा फोन लावला. या वेळी त्यांनी उचलला.

"व्हॉल्व्ह किंचित गळत होता," ते शांतपणे म्हणाले. "शून्य येईना. म्हटलं, उद्या येऊन बदलू. मला काय माहीत त्याच दिवशी कोणी टाकीत उतरेल? तुझी पोरगी बघायची घाई होती रे मला."

"एक माणूस गेला, दाजी."

"दुसऱ्या दिवशीच व्हॉल्व्ह बदलला मी. आता थेंब गळत नाही. तू बोललास म्हणून तो परत येणार आहे का? तुझ्या ताईकडे बघ जरा."

"मी सांगणार."

मग ते जे बोलले, ते ज्या आवाजात मला पाना धरायला शिकवायचे त्याच आवाजात बोलले. "काय सांगशील? कोड तुझा आहे. काम तुझ्या नावावर होतं म्हणून गेटवरच्या वहीतही नाव तुझंच लिहिलंय. मी तिथं नव्हतोच."

मी त्या खड्ड्यात किती वेळ बसून होतो कुणास ठाऊक. वडील गेले तेव्हाही इतका पोरका झालो नव्हतो. एकीकडे मामांचं नाव आणि वर बसलेली ती बाई. दुसरीकडे ताईचा संसार, माझी लेक, आणि खरं बोललो तरी ज्यात मीच अडकणार असा तो कोड. पाइपातून तीन आले. दोन मिनिटांनी पुन्हा तीन.

"दादा," वरून बाई म्हणाल्या, "मीटर खोटं बोलतो का हो कधी? एवढं सांगा. दोन वर्षं झाली, मला झोप नाही."

त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं, म्हणून बरं.

"मीटर बरोबर होता," मी म्हणालो. "आता हे झटके पाइप गार होताना येतात. काही नाही त्यात."

मी जुन्या मीटरची वायर तोडली. मग पाना घेतला आणि पाइपावर स्वतःच्या हाताने दोनदा ठोकलं. मी आहे, निर्धास्त राहा. पडद्यावर शून्य आलं, स्वच्छ, आजवर माझ्या हातून आलं नसेल असं. त्या पाच मिनिटांत मी ते नोंदवलं, सही केली, पेटी भरली आणि पायऱ्या चढलो. बाई पाठ करून उभ्या होत्या. मागे पुन्हा तीन आले असतील तर मी ऐकले नाहीत. मी कान झाकून घेतले होते.

दाजींशी मी बोलत नाही. ताईला वाटतं, मला शिंगं फुटली. ते मात्र ठणठणीत आहेत, कंबरही धरत नाही आता. त्यांच्या घरी कधी काही वाजत नाही. कसं वाजेल? नोंद माझ्या नावावर आहे ना.

आमच्याकडे त्याच आठवड्यात सुरू झालं, दुपारी, साडेबाराच्या सुमाराला. मी तयारीत होतो, पाना हाताशी ठेवला होता. म्हटलं, तीन आले की दोन देईन, जन्मभर देत राहीन, निदान तेवढं तरी. पण तीन येतच नाहीत. आता सांगतो तुम्हाला, आवाज येतो तो दोनदा. नेहमी दोनदाच.

दोन हे बाहेरच्याने द्यायचे असतात.

वर्षभर मी डोकं खाजवत होतो, की विचारलंच नाही कुणी तर उत्तर कुणाला? परवा कळलं. लेक आतल्या खोलीत झोपली होती, गाढ, पालथी. मी दारातून बघत होतो. तिची मूठ वर आली आणि भिंतीवर पडली. तीनदा. मग भिंतीच्या पलीकडून दोन आले, आणि झोपेतच ती समाधानाने हसली. त्या भिंतीच्या पलीकडे पाइप नाही, खोली नाही, नुसती हवा, तुम्हीच मघाशी बघितलंत. तिसरा मजला आहे.

चहा राहू द्या जरा. हा केळ्यांचा वास तुम्हालाही येतोय ना? घरात केळी नाहीत. श्श... ती ठोकतेय. एक... दोन... तीन.

थांबा. आता उत्तर येईल.