टिकलीखालचा लाल ठिपका

“परत आला! तोच ठिपका!”

क्षिप्राने कॅमेऱ्याच्या पडद्यावरून नजर काढली आणि वैतागून पाय आपटला. मीटर रूमच्या काळोख्या दारात वॉचमन हौसेराव छाती पुढे काढून उभे होते. सोसायटीला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुलांनी मे महिन्याच्या सुट्टीत एक फिल्म करायला घेतली होती. पहिल्या दिवसापासून गेट सांभाळणारे हौसेराव त्या फिल्मचे पहिले पाहुणे होते.

“माज्या तोंडाला काय लागलंय व्हय?” त्यांनी गाल पुसला.

“तुमच्या नाही, कॅमेऱ्याच्या तोंडाला!” आशुतोष म्हणाला. कानांवर हेडफोन असल्यामुळे तो विनाकारण ओरडून बोलायचा. “चारुलताकाकूंचं कुंकू असणार! पूजेच्या दिवशी किती फासलं होतं!”

सानपाड्याच्या त्या सोसायटीत पूजा केल्याशिवाय कुठल्याही नव्या वस्तूला हात लावायची पद्धत नव्हती. पाण्याच्या पंपाला हार, लिफ्टसमोर नारळ. गेल्या रविवारी नव्या व्हिडिओ कॅमेऱ्याची पाळी होती. सेक्रेटरी दिलीपकाकांच्या बायकोने, म्हणजे चारुलताकाकूंनी, त्याला हळदकुंकू लावलं, पेढा दाखवला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“बाजूला व्हा दोघं,” हादिया म्हणाली. तिचे अब्बू इसाकचाचा लग्नाचं शूटिंग करायचे, त्यामुळे अशा कामात तिचा हात सराईत होता. तिने मऊ कापडाने काच पुसली. ठिपका होता तिथेच राहिला. मग तिने काचेवर चक्क झाकण लावलं आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

पडदा काळाकुट्ट झाला. आणि उजवीकडे वरच्या कोपऱ्यात तो लाल ठिपका मजेत चमकत होता!

“झाकण लावलंय तरी दिसतोय?” क्षिप्राचे डोळे मोठे झाले. “म्हणजे हा बाहेर नाहीच. आत आहे!”

तिघं धावतच तिसऱ्या मजल्यावर इसाकचाचांकडे गेली. चाचांनी कॅमेरा उलटा केला आणि ट्रायपॉडवर बसवायच्या खालच्या चकतीवरून अंगठा फिरवला.

“चित्र उमटतं ना, तिथला एक कण जळलाय,” ते म्हणाले. “नव्या मशीनमध्ये पण होतं कधी कधी. पण ही चकती बघा. दोन-चार दिवसांत इतकी झिजते का? हा कॅमेरा नवा नाय, बेटा. हा पुष्कळ लग्नं जेवून आलाय.”

खरं तर चाचांनी कमिटीला आधीच बजावलं होतं. “बाजार बदललाय, दिलीपभाऊ,” ते म्हणाले होते. “दर सहा महिन्यांनी नवीन मॉडेल येतं. असले खांद्यावरचे मोठे कॅमेरे आता कोणी भाड्याने पण नेत नाय. छोटा घ्या, नायतर मोबाइलवर शूट करा, आणि माइक चांगले घ्या. चित्र जरा हललं तर लोक चालवून घेतात. आवाज खरखरला की उठून जातात.”

पण दिलीपकाकांना कॅमेरा खांद्यावर उठून दिसायला हवा होता! त्यांनी तुर्भ्याच्या रणजीतशेठच्या दुकानातून हा धिप्पाड कॅमेरा आणला. सोबत एक माइक फुकट मिळाला. त्यातून माणूस पिंपात बसून बोलल्यासारखा वाटायचा, पण त्यावर दुकानाचं नाव मात्र सोनेरी अक्षरात होतं.

चाचा सरळ माणूस. ते त्याच संध्याकाळी खाली गेले आणि दिलीपकाकांना सगळं सांगून आले. इथेच त्यांचं चुकलं, असं म्हणायची वेळ आली, आणि त्याचाच क्षिप्राला पुढे सगळ्यात जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी रणजीतशेठ बिल घेऊन सोसायटीच्या ऑफिसात हजर झाला. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. त्याने बिलावर लिहिलेला कॅमेऱ्याचा नंबर मोठ्याने वाचला आणि मग कॅमेऱ्याच्या पोटाखालचा. दोन्ही वेगळे!

“साहेब, खोक्यावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर एकच आहे. मी तर नवाकोरा माल दिला,” तो हात झटकत म्हणाला. “इथे आल्यावर कोणी बदलला, ते तुमचं तुम्ही बघा.”

दिलीपकाका सावकाश वळले. “इसाकभाई, सोमवारी आणि मंगळवारी कॅमेरा तुमच्या घरी होता ना?”

“होता. पोरांना शिकवायला घेतला होता,” चाचा म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “दिलीपभाऊ, मी बदलला असता तर मीच येऊन तुम्हाला सांगितलं असतं?”

“आपणच आधी सांगितलं की संशय येत नाही. अशी चलाखी आमच्या धंद्यात चालते, साहेब,” रणजीतशेठ हसून म्हणाला.

दारात उभ्या असलेल्या क्षिप्राचे कान तापले. “खोटं आहे हे! आम्ही होतो तिथे!”

“क्षिप्रा, तुम्हा मुलांना यातलं काय कळतं?” दिलीपकाकांनी हात हलवला. “जा, खाली खेळा.”

जा, खेळा! एका माणसाला चोर ठरवायचं आणि वर खेळायला जा म्हणायचं! क्षिप्राची आई तिला नेहमी सांगायची, राग आला की दहा आकडे मोज. त्या दिवशी ती दोनशेपर्यंत गेली तरी राग जागेवरच होता.

तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर दिलीपकाकांचा मेसेज आला. नाव घेतलं नव्हतं. ‘कॅमेरा ज्यांच्याकडे होता त्यांनी रविवारच्या मीटिंगपर्यंत मूळ कॅमेरा परत करावा, अन्यथा पोलिसांत तक्रार केली जाईल.’ कॅमेरा कोणाकडे होता, हे लिफ्टमधल्या लहान पोरांनाही माहीत होतं.

सकाळी हादिया खाली आली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद होता.

“शेजारच्या सोसायटीतल्या साखरपुड्याचं काम गेलं,” ती म्हणाली. “म्हणतात, सध्या राहू दे. अब्बू नुसते बॅग पुसत बसलेत. एकदा माणसाला चोर म्हटलं की त्याला लग्नघरात कोण घेणार? तिथे दागिने असतात, पाकिटं असतात!”

“रडू नकोस,” आशुतोष चाचरत म्हणाला.

“मी रडत नाहीये! मला राग आलाय!”

“मग बरोबर आहे,” क्षिप्रा म्हणाली. “मलाही आलाय. रविवारला तीन दिवस आहेत. चला!”

कॅमेरा ऑफिसच्या काचेच्या कपाटात ठेवला होता. किल्ली हौसेरावांकडे होती आणि हौसेरावही धुमसत होते.

“इसाकभाऊ आन् चोर?” त्यांनी कुलूप उघडलं. “माजी नात आजारी व्हती तवा त्येंच्याच गाडीतनं दवाखान्यात नेली. बगा काय बगायचं ते. पर हात न्हाई लावायचा हां!”

तिघांनी हात मागे बांधले आणि माना पुढे घातल्या. हँडलखालच्या बारीक खाचेत काहीतरी लालसर दिसत होतं.

“कुंकू!” हादिया ओरडली. “पूजेचं कुंकू! वरून पुसलं, पण खाचेत राहिलंय!”

“म्हणजे पूजा झाली तो कॅमेरा हाच!” क्षिप्राचा श्वास जोरात चालू लागला. “दुकानातून आला तोच हा. मधे कोणी बदललाच नाही!”

“पण तो शेठ म्हणेल, कुंकू मागाहून लावलं,” आशुतोष म्हणाला. “तो ठिपका जुना आहे, हे दाखवता आलं तर...” बोलता बोलता त्याने कपाळावर हात मारून घेतला. “अरे देवा! लेझर!”

“कसली लेझर?”

“जाईताईच्या लग्नात!” जाईताई म्हणजे त्याची मोठी बहीण. “ती हॉलमध्ये आली तेव्हा सगळे दिवे घालवले होते. व्हिडिओत त्या काळोखात कोपऱ्यात एक लाल ठिपका दिसतो. बाबा म्हणाले, मीच लेझर मारली! आणि कॅमेरा होता रणजीतशेठच्या दुकानातला, भाड्याचा! दीड वर्ष! दीड वर्ष मी त्या लेझरसाठी बोलणी खातोय!”

आता तिघांनाही सारखाच राग आला होता, आणि रागाने पाय भलतेच हलके होतात. आशुतोषच्या घरापर्यंतचे चार मजले त्यांनी लिफ्टची वाट न बघता पार केले. त्यांनी झाकण लावून केलेलं रेकॉर्डिंग टीव्हीवर लावलं; त्याचं कार्ड हादियाने आधीच काढून ठेवलं होतं. मग लग्नाचं लावलं.

“जागा तीच वाटतेय,” हादिया डोळे बारीक करून म्हणाली.

“वाटून चालणार नाही. मोठ्या माणसांना दाखवायचंय,” क्षिप्रा म्हणाली. तिने खोलीभर नजर फिरवली. आरशाच्या कडेला आशुतोषच्या आईची एक टिकली चिकटलेली होती. ती बघून क्षिप्रा तीन दिवसांत पहिल्यांदा हसली.

रविवारी क्लबहाउस भरलं. इसाकचाचा मागच्या खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. रणजीतशेठ पुढे, दिलीपकाकांच्या शेजारी चहा पीत होता.

“मला बोलायचंय,” क्षिप्रा उभी राहिली.

“क्षिप्रा, ही मोठ्यांची मीटिंग—”

“बोलू दे तिला,” चारुलताकाकू मधेच म्हणाल्या. “फिल्म त्यांचीच आहे ना?”

क्षिप्राने आधी खाचेतलं कुंकू दाखवलं. काकूंनी चष्मा लावून पाहिलं. “अगोबाई, हो! इथेच तर मी बोट दाबून लावलं होतं!”

रणजीतशेठ खदखदून हसला. “कुंकू काय, कोणीही लावेल! बाजारात पुडी मिळते.”

“बरोबर,” क्षिप्रा म्हणाली. ती याच वाक्याची वाट बघत होती. “आशुतोष, लाव.”

क्लबहाउसच्या मोठ्या टीव्हीवर काळा पडदा आला, आणि कोपऱ्यात लाल ठिपका.

“हे या कॅमेऱ्यावर झाकण लावून घेतलंय. काकू, एक टिकली द्याल? बरोब्बर ठिपक्यावर लावा.”

काकूंनी पर्समधून पाकीट काढलं आणि एक टिकली नेमकी ठिपक्यावर चिकटवली. ठिपका झाकला गेला.

“आता हे दीड वर्षापूर्वीचं. जाईताईचं लग्न.”

पडद्यावर हॉल दिसला, सनई ऐकू आली, मग दिवे गेले. क्षिप्राने रेकॉर्डिंग थांबवलं. सगळा पडदा काळोखा होता.

“काकू, टिकली काढा.”

काकूंनी नखाने टिकली उचलली. तिच्याखाली लाल ठिपका चमकत होता.

क्लबहाउसमध्ये एकदम गलका झाला. “तोच आहे!” “अगदी त्याच जागी!” आशुतोषचे बाबा तर उभेच राहिले. “म्हणजे ती लेझर नव्हती?”

“नव्हती, बाबा!” आशुतोष ओरडला, आणि या वेळी त्याच्या कानांवर हेडफोन नव्हते.

“आणि व्हिडिओच्या शेवटी नाव आहे,” हादिया पुढे झाली. “‘कॅमेरा, रणजीत व्हिजन, तुर्भे.’ दीड वर्षापूर्वी हा कॅमेरा ह्यांच्याकडे भाड्याने मिळत होता. तोच नव्या खोक्यात घालून आपल्याला विकला! आणि चोर कोण, तर माझे अब्बू!”

“दिलीपकाका,” क्षिप्राने विचारलं, “खोका कुठे उघडला होता?”

“दुकानात... डेमोसाठी...” काका रुमाल शोधू लागले.

“नंबर जुळवून बघितले होते?”

काकांनी मान खाली घातली. त्यांनी नारळ निवडून आणला होता, हार मोजून घेतला होता, मुहूर्त काढला होता. नंबर मात्र बघितला नव्हता.

रणजीतशेठ हळूच उठून दाराकडे निघाला. दारात हौसेराव काठी आडवी धरून उभे होते. “बसा शेठ. गेट बंद हाय.”

“अरे, मग करू काय?” शेठचा गुळगुळीतपणा एका क्षणात गळून पडला. “भाड्याचे कॅमेरे पडून आहेत! जो तो मोबाइल काढतो! धंदा बसलाय माझा!”

मागची खुर्ची सरकली. इसाकचाचा उभे राहिले होते.

“धंदा माझा पण बसलाय, शेठ,” ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका चढलेला मुलांनी कधीच ऐकला नव्हता. “मी कोणाला फसवलं? कोणावर आळ घेतला?”

कमिटीने शेठकडून तिथल्या तिथे सगळं लिहून घेतलं, त्याने कॅमेरा परत नेण्याचं कबूल केलं, आणि तक्रार करायची ती त्याच्यावरच करायची असं ठरलं.

“शाब्बास, पोरांनो!” दिलीपकाका टाळ्या वाजवत म्हणाले. “सोसायटीची शान आहात तुम्ही! तुम्हाला बक्षीस—”

“बक्षीस नको,” क्षिप्रा म्हणाली. तिचा राग अजून पुरता उतरला नव्हता, आणि तो उतरावा अशी तिची इच्छाही नव्हती. “तुम्ही चाचांबद्दल ग्रुपवर लिहिलंत ते सगळ्यांनी वाचलं. आता तुम्ही बोला. आम्ही शूट करतो. तेही त्याच ग्रुपवर जाईल.”

काकांनी चारुलताकाकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, “कॉलर नीट करा आणि बसा.”

हादियाने मोबाइल स्टँडवर लावला. चाचांच्या बॅगेतला करंगळीएवढा माइक तिने काकांच्या सदऱ्याला अडकवला. आशुतोषने हेडफोन चढवले.

काका खाली बघून काहीतरी पुटपुटले.

“ऐकू आलं नाही, काका,” आशुतोष म्हणाला. “परत!”

काकांनी घाम पुसला. “इसाकभाईंच्या बाबतीत जरा गैरसमज झा...”

“परत!” क्षिप्रा म्हणाली. “गैरसमज आपोआप होत नाही.”

दिलीपकाकांनी मोबाइलवरून नजर काढली आणि सरळ चाचांकडे पाहिलं. “चूक माझी होती,” ते मोठ्याने म्हणाले. “मी नंबर न बघता बिलावर सही केली आणि माझी चूक झाकायला एका भल्या माणसाला चोर ठरवलं. इसाकभाई, मला माफ करा.”

हादियाने रेकॉर्डिंग थांबवून ते परत लावलं. इसाकचाचा पुढे आले. त्यांनी आशुतोषच्या कानांवरून हेडफोन काढून स्वतःच्या कानांवर चढवले, डोळे मिटले आणि ती तीन वाक्यं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. मग पुन्हा एकदा ऐकली.

“आवाज स्वच्छ आलाय, पोरांनो,” ते म्हणाले.